दारव्ह्याच्या वर तरंगणारी माणसं

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तुमची आठवण काढत बसणाऱ्यांपैकी मी नाही. आठवण निघाली ती एका खेळामुळे. तो खेळ पाहून तुम्ही ‘वेस्ट ऑफ टाइम’ म्हणाला असता, हेही मला माहीत आहे. यवतमाळात रविवारी दुपारी आम्ही पाच जण एका दाताच्या डॉक्टरच्या घरी जमतो. टेबलावर फासे, पेन्सिली, चहाचे कप. एकानं गोष्ट सांगायची, म्हणजे आपण कुठे आहोत, समोर काय दिसतं, कोण आलं; बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो; आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. गोष्ट सांगणारी मी असते. एरवी जिल्ह्याच्या कचेरीत आवक-जावक बघणारी बाई.

आमची गोष्ट जग बुडाल्यानंतरची आहे. धरणं फुटली, नद्या चढल्या आणि पाणी उतरलंच नाही. यवतमाळ उंचावर म्हणून अर्धंमुर्धं वाचलं, भोवतालच्या टेकड्यांची बेटं झाली. दारव्हा मी पहिल्याच रविवारी बुडवलं. बाजारपेठ, एसटी स्टँड, जीपचा अड्डा, ते कृषी केंद्र आणि त्याच्या डोक्यावरचा तुमचा क्लास. गोष्टीला त्याची काही गरज नव्हती. मला बरं वाटत होतं म्हणून बुडवलं.

या बुडालेल्या मुलखात पात्रांना एक जमात भेटायची होती. होड्यांवर जन्मणारी, होड्यांवर मरणारी, जमिनीला पाय न लावणारी. ती रचायचं काम माझं. मी नुसतं तोंडातून काढलं आणि टेबलाभोवतीचे सगळे सुशिक्षित लोक कामाला लागले. डॉक्टरांना त्यांच्या अंगावर गोंदण हवं होतं. त्यांच्या बायकोला कवड्यांच्या माळा आणि पौर्णिमेला पाण्यात दिवे सोडणं. मेडिकल कॉलेजच्या लॅबमधली मुलगी म्हणाली की ते कमी बोलतील, आणि बोलतील ते खूप खोल असेल. जमात म्हटली की आमच्या लोकांना असलं काहीतरी लागतं. आपल्याच जिल्ह्यात धरणाच्या पाण्यावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा माणूस यांनी गाडीच्या काचेतून शंभरदा पाहिला असेल, पण तो बिचारा बिडी ओढत असतो, गूढ दिसत नाही, म्हणून तो चालत नाही. शेवटी पॉलिटेक्निकचे प्राध्यापक पुढे वाकले. “नाव भरली आणि माणसं जास्त झाली, तर ते कोणाला पाण्यात टाकतात, ते आधी ठरवा,” ते म्हणाले. “त्यावरून जमात कळते.” एवढं बोलून त्यांनी अशा काही चेहऱ्यानं चहाचा घोट घेतला की मला एकदम तुम्ही दिसलात, सर. हाच चेहरा. आपण फार कठोर सत्य बोललो, या समाधानाचा.

तुमच्या क्लासला यायचो ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता म्हणून कापूस घराघरांत आढ्यापर्यंत साचलेला, पोरं त्याच्या बाजूला झोपायची आणि अंग खाजवत शाळेत यायची. माझे वडील कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होते, आणि जिनिंग अर्धा हंगाम बंद. टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या, साहेबांच्या यायच्या, जायच्या. प्रत्येक घराला एकच सुचत होतं, पोरांना इथून बाहेर काढा. आणि बाहेर जायचा जिना म्हणजे तुमचा क्लास. इंग्लिश स्पीकिंग आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. खाली कीटकनाशकांचे डबे, वर तुम्ही. फवारणीच्या औषधाचा वास जिन्यानं वर यायचा आणि तुम्ही ऐन उन्हाळ्यात टाय बांधून त्या वासात उभे राहून आम्हाला कॉन्फिडन्स शिकवायचात. तोंडातून ‘मले’ नाहीतर ‘तुले’ निघालं की तुम्ही खडू खाली ठेवायचात. “ही ढोरांची भाषा आहे. बाहेर.” मग तास संपेपर्यंत त्या जिन्यावर, त्या वासात उभं राहायचं. कोणी कधी तक्रार केली नाही. आमच्या आईबापांना वाटायचं, एवढा अपमान करतो म्हणजे माणूस नक्की शिकलेला असणार.

माझी मैत्रीण धरणाजवळच्या एका गावाहून जीपनं यायची. तुम्हाला ती आठवत असेलच, का ते पुढे येतं. उंच, काळी, हसायला लागली की हातानं तोंड झाकणारी. दिवाळीच्या सुट्टीत तिला आणि मला एका स्पर्धेसाठी तुमची सही हवी होती. यवतमाळ रोडला आपला बंगला आहे असं तुम्ही क्लासमध्ये सांगितलेलं. तिथं विचारलं तर कोणाला माहीत नाही. मग कृषी केंद्रवाला हसून म्हणाला, “सर का? सुट्टीत ते गावी असते. वावरात पाह्य.” आम्ही जीप पकडून तुमच्या गावी गेलो.

तुम्ही शेतात होता. ठिगळ लावलेलं बनियन, कमरेला जुन्या लुगड्याची झोळी, झोळी कापसानं फुगलेली. बाजूच्या ओळीत तुमची आई. तुमचा आवाज आम्ही बांधावरूनच ऐकला. “माय, मले पानी दे व.” मी त्या क्षणी परत फिरायला हवं असं म्हणाले, पण मैत्रिणीनं तोवर नमस्कार केला होता. तुम्ही वळलात. चेहरा आधी पांढरा पडला, मग दगडासारखा झाला, आणि त्या झोळीसकट उभे राहून तुम्ही म्हणालात, “यस? व्हॉट इज इट?”

तुमची आई तुमच्याकडे बघतच राहिली. “अरे, पोरी एवढ्या उन्हाच्या आल्या, अन् तू असा काहून बोलून राह्यला?” मग आमच्याकडे वळून, “कोनाच्या व तुम्ही? या, बसा सावलीत.”

मैत्रीण बसली नाही. तिनं ओढणी सोडली, कमरेला झोळीसारखी बांधली आणि सरळ तुमच्या आईच्या ओळीत शिरली. “सर सही करतेत तोवर वेचू लागते मावशी.”

“कायले व बाई, बोटं सोलून निघतीन.”

“आमी घरी बी हेच करतो.”

त्या दोघी बोलत पुढे सरकल्या, जणू वर्षानुवर्षांची ओळख. तुम्ही झाडाकडे गेलात, झोळी सोडलीत, फांदीवरचा शर्ट घालून गळ्यापर्यंत बटणं लावलीत आणि मग सही केलीत. कागद देताना माझ्याकडे न बघता म्हणालात, “क्लासमध्ये हे बोलायचं नाही.” आम्ही कधीच बोललो नाही. तिच्या तर डोक्यातही नव्हतं. तिला वाटलं, सर सुट्टीत आईला मदत करतात, चांगले आहेत. अब्रू गेली असं फक्त तुम्हाला वाटत होतं, आणि त्याची किंमत तुम्ही तिच्याकडून वसूल केलीत.

सुट्टीनंतर क्लास सुरू झाला त्याच दिवशी तुम्ही बाकं भिंतीला लावायला सांगितलीत आणि फरशीवर खडूनं एक लांबुळकी नाव काढलीत. समुद्रात वादळ आहे, नाव बुडते आहे, एकेकाला बाहेर काढावं लागेल. डॉक्टर, इंजिनीयर, मंत्री, व्यापारी, गायक, शिक्षक, शेतकरी, अशा चिठ्ठ्या. जगायचा हक्क प्रत्येकानं बोलून सिद्ध करायचा. पुढे नोकरीच्या मुलाखतीत हेच करायला सांगतात म्हणे. मैत्रिणीला डॉक्टरची चिठ्ठी आली. तुम्ही तिच्या हातातून ती काढून घेतलीत, शेतकऱ्याची दिलीत आणि म्हणालात, “तू हे कर. तुला एक्सपीरियन्स आहे.” पोरं हसली. मला ते हसणं अजून ऐकू येतं, कारण त्यातली निम्म्याहून जास्त पोरं संध्याकाळी घरी जाऊन कापसाच्या ढिगाशेजारी जेवणार होती.

तिला बोलायची पाळीच आली नाही. हात वर झाले. “समुद्रात शेती कुठं असते सर?” एक जण म्हणाला. दुसरा, ज्याच्या बापाची दहा एकर कपाशी होती, अगदी तुमच्यासारखं शुद्ध बोलत म्हणाला, “शेतकऱ्याचा नावेला उपयोग नाही. फक्त वजन आहे.” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. “एक्सलंट. इमोशनल व्हायचं नाही. लॉजिक.” मी मंत्र्याला टाका म्हणाले, पण तो एकटा हात कोण मोजतो. ती खडूच्या रेघेबाहेर जाऊन उभी राहिली. पाण्यात. आणि तुम्ही तास लांबवलात. व्यापारी गेला, गायक गेला, मंत्री शेवटपर्यंत टिकला, आणि ती तेवढा वेळ भिंतीशी उभी. शेवटी तुम्ही तिच्यासमोर गेलात. आता रडेल, अशी तुमची अपेक्षा होती. ती तुमच्या तोंडावर दिसत होती.

“सो. सगळ्यांनी तुला टाकलं. कसं वाटलं?”

“काही नाही सर,” ती म्हणाली. “मले पोहता येते.”

क्षणभर कोणाला कळेना, मग अख्खा क्लास फुटला. मागच्या पोरांना श्वास घेता येईना. या वेळी हसणं तुमच्यावर होतं, आणि ती मात्र अगदी सरळपणे उभी. तिला चेष्टा करायची नव्हती. विचारलंत म्हणून सांगितलं. तुमच्याकडे मात्र जिन्याशिवाय काही नव्हतं. ‘मले’ म्हणाली म्हणून बाहेर. तिनं चपला घातल्या आणि ती जिन्यावर थांबलीच नाही, खाली उतरून अड्ड्याकडे चालू लागली. परत कधी आली नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, “हे लोक मध्येच सोडतात. रक्तातच असतं.” तेव्हापासून मी तुमच्याविषयी जे मत बनवलं ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं. हलका माणूस. क्लास पुढे बसला, तुम्ही नागपूरला गेलात, तिथं कावीळ होऊन गेलात. ही बातमी मला दारव्ह्याच्या स्टँडवर कळली. माझ्या हातात भजी होती. मी ती खाल्ली आणि गाडीत बसले.

असो. तर मला जमात रचायची होती, म्हणून मी मैत्रिणीला फोन लावला. ती आता मारेगावला असते, शिलाईचं दुकान आहे, सासू आहे, दोन मुली आहेत. तिच्याशी बोलताना माझी बोलीही परत येते. तिच्या मामाचा धरणावर डोंगा होता, लाकडाची लहानशी नाव, त्यात ती लहानपणी बसलेली. म्हटलं, हिला विचारावं.

“डोंग्यात मानसं जास्त झाली तं काय करते व?”

“काय करते? दोन फेऱ्या मारते.”

“अन् घाई असंन तं?”

“घाई असंन तं लवकर लवकर मारते. काहून?”

मी तिला खेळाचं सांगितलं. ती बराच वेळ हसली, हात तोंडावर गेला असणार. मग मी तुमचा विषय काढला. ती खडूची नाव आठवते का, विचारलं. तिला नीट आठवत नव्हती. माझ्याच तोंडून ऐकून म्हणाली, “हो का? अशी बोलली मी?” आणि मग, “बिचारे व सर. लवकर गेले.”

“बिचारे कायचे? तुले जिन्यावर काढलं होतं.”

“मंग काय झालं? वेचनी सरेपर्यंत तं मी त्यायच्याच वावरात होती. मावशीनं निरोप धाडला होता, येतं का म्हून. रविवारी सर यायचे. मी एका ओळीत, ते बाजूच्या ओळीत. वेचता वेचता शिकवायचे.”

“काय शिकवायचे?”

“इंग्रजी. अन् बोलायचे आपल्यासारखंच. म्हनायचे, हे पाह्य, आय ॲम गोइंग म्हंजे मी जाऊन राह्यलो. जशीच्या तशी बसते आपली बोली. आता सांग, मी वेचून राह्यली कसं म्हनशीन?” आणि माझ्या मैत्रिणीनं, जी बारावीच्या पुढे शिकली नाही, फोनवर मला ते चुटकन म्हणून दाखवलं. “कोनाले सांगू नको म्हनले होते. म्हून नाही सांगितलं.”

“माफी मागितली का कधी?”

“नाही बा. एकदा चहा आनला होता.”

मी फोन ठेवला आणि मला तुमचा इतका राग आला की स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे इकडचे तिकडे केले. तुम्हाला वाटेल, हे ऐकून माझं मन विरघळलं असेल. उलट झालं. आजवर मी तुम्हाला मूर्ख समजत होते. मूर्खाला माणूस माफ करतो, त्याला बिचाऱ्याला येतच नाही. पण तुम्हाला येत होतं. आम्ही चाळीस पोरं त्या खोलीत ‘मी जात आहे’ म्हणजे काय ते घोकत होतो, जे आमच्यापैकी कोणाच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं, आणि त्याचं उत्तर आमच्या स्वतःच्या तोंडात होतं. जाऊन राह्यलो, करून राह्यलो, रडून राह्यलो. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही ते एका शेतात, एका मुलीला, कोणी बघत नसताना दिलंत, आणि आम्हाला मात्र आठवडाभर टाय दाखवलात. भित्रे होता तुम्ही, सर. चांगलं शिकवलं तर कोणाला कळेल की आपणही यांच्यातलेच, या भीतीनं वाईट शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या खोलीतली किती पोरं मुलाखतींना जाऊन तोंडाला कुलूप लागून परत आली, ती आता त्याच दारव्ह्यात त्याच बाजारात उभी असतात. मला भेटतात. अजून तुम्हाला मानतात. मंत्र्याची चिठ्ठी घेऊन शेवटपर्यंत टिकलेला तो मुलगा तर सांगतो, “सरांसारखे सर होणे नाही.” त्याला मी काय सांगू?

तर मी जमात रचली. गोंदण नाही, कवड्या नाहीत. हे लोक डांबर लावलेल्या डोंग्यांवर आणि पत्र्याच्या मोठ्या पिंपांवर राहतात, फार बोलतात, भांडतात, उन्हात मासे वाळवतात. आणि नाव भरली की दोन फेऱ्या मारतात. एवढाच त्यांचा नियम. पण त्यांच्यात मी एक बाहेरचा माणूस घातला, टाय बांधणारा, बुडालेल्या जगाची शुद्ध भाषा बोलणारा, त्यांच्याच माशांवर जगून त्यांना गावंढळ म्हणणारा. का घातला ते कळलं असेल. तो बुडायचा होता. मी ते पक्कं ठरवून बसले होते.

गेल्या रविवारी तो प्रसंग आला. वादळ, आणि दारव्ह्याच्या पाण्याच्या टाकीच्या टोकावर अडकलेली माणसं, तेवढंच काय ते वर उरलेलं. डोंगा एक. प्राध्यापक खुलले. “आता तरी कोणाला टाकायचं ते बोला.” मी म्हटलं, हे लोक तसं करत नाहीत, दोन फेऱ्या. लहान मुलं, म्हाताऱ्या बायका, सगळी पहिल्या फेरीत गेली. तुमचा तो माणूस मागे राहिला. डॉक्टरांच्या बायकोचं पात्र डोंगा वल्हवत परत गेलं, त्याच्या त्या सगळ्या बोलण्यानंतरही, एकदाही कटकट न करता. प्राध्यापक म्हणाले, “या माणसासाठी? कशाला?” ती म्हणाली, “अहो, तिथं आहे ना तो.” मग माझ्याकडे वळून, “आहे ना अजून?”

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायचं कुठे असतं तर एकच जागा होती. मैत्रीण म्हणाली, तुमची आई अजून त्याच गावात आहे, दिसत नाही पण ऐकू येतं. कोणीतरी तिला हे मोठ्यानं वाचून दाखवेल, आणि एवढं सगळं ऐकावं असं त्या बाईनं माझं काही केलेलं नाही. मला तिनं सावलीत बसा म्हटलं होतं.

तुमचा तो माणूस टाकीवर टिकला की वाहून गेला, हे फाशावर होतं. असे फासे मी हाताच्या आडून टाकते, खेळणाऱ्यांना दिसत नाहीत. एक पडला होता, सर. एक म्हणजे गेला. मी चौदा म्हणाले.